जांभळी पट्टी

पट्टी जांभळी झाली, तेव्हा नर्सला पहिला संशय आला तो पट्टीवरच. तिनं डबीवरची तारीख पाहिली, मुदत होती. दुसरी पट्टी त्याच कपात बुडवली. तीही बघता बघता जांभळी झाली.

बाहेर चर्चच्या हॉलमध्ये तरुण संघाची पोरं गाद्या अंथरत होती. जगातल्या भुकेल्यांची लोकांना आठवण राहावी म्हणून ती उद्या संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्यावर राहणार होती. प्रत्येकाच्या छातीवर एकेका दूरच्या देशाचं नाव होतं. गेल्या वर्षी एक मुलगी प्रार्थनेतच कोसळली होती, म्हणून यंदा नर्सनं अट घातली होती : आधी सगळ्यांची लघवी तपासायची. पोट बराच काळ रिकामं राहिलं की शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं, आणि ते या पट्टीवर दिसतं. आत्ता सगळे घरून जेवून आले होते. सगळ्यांच्या पट्ट्या फिक्याच राहिल्या होत्या. हा एक कप सोडून.

तो कप बाईंचा होता. बाई म्हणजे गायनवृंदाच्या बाई. सत्तरीला आलेल्या, घरी अंथरुणाला खिळलेला नवरा; आजच्यापुरती शेजारीण त्याच्यापाशी थांबली होती. नर्सला लहानपणी सूर धरायला त्यांनीच शिकवलं होतं. यंदा ‘पोरांबरोबर मीही उपास करणार’ म्हणून त्या हटूनच बसल्या होत्या.

संघातल्या लंबूनं दारातून डोकं घातलं. “नर्सताई, सगळे पास ना? की कुणाला पुन्हा परीक्षेला बसवताय?”

“तू आधी पाणी भर जा.”

तिनं बाईंना आत बोलावून दार लोटलं. मधुमेहातही पट्टी जांभळी होते. त्या क्षणी तिला मधुमेहच हवा होता. तिनं बोट टोचलं. साखर वाढलेली नव्हती, कमीच होती.

“बाई, शेवटचं कधी जेवलात?”

“अगं, घरून खाऊनच आले.”

हे वाक्य नर्स दर रविवारी ऐकत आली होती. उपासनेनंतरच्या चहाला बाई हेच म्हणत, आणि बिस्किटं तेवढी रुमालात बांधून नेत. “ह्यांना आवडतात.” म्हातारपणीही काय लाड चाललेत, म्हणून सगळे हसत. तीही हसायची.

“बाई.”

बाईंनी पट्टीकडे पाहिलं. “त्यात दिसतं होय?”

“दिसतं.”

“ह्यांचं औषध रिकाम्या पोटी चालत नाही ना. मग असेल ते ह्यांना.” त्यांनी टोचलेलं बोट पुसलं. “मला वाटलं, आज इथे सगळेच उपाशी. एक दिवस तरी कुणाला काही सांगावं लागणार नाही.”

नर्सच्या हातातली डबी कलंडली. पट्ट्या टेबलभर पसरल्या. त्या गोळा करायला तिला बराच वेळ लागला.

मग ती हॉलमध्ये गेली. “ऐका रे. तुमच्यावर नजर ठेवायला मला सोबत हवी, आणि सोबतीणीनं उपास करायचा नाही. मी बाईंना मागून घेतलंय.”

“सुटलात बाई,” लंबू म्हणाला. “आमच्याही वाटचं खा.”

पोरं हसली. बाईही हसल्या.

स्वयंपाकघरात उद्यासाठी आणलेलं सूप नर्सनं गरम केलं. “सावकाश. थोडं थोडं.” बाईंनी पाव मधोमध मोडला, दोन्ही तुकडे निरखले आणि मोठा रुमालावर ठेवला.

“त्यांच्यासाठी वेगळं भरून देते, बाई. हा सगळा तुमचा.”

बाईंनी मान डोलावली. पण हात थांबले नाहीत. रुमालाला गाठ बसली, आणि मगच त्यांनी उरलेला तुकडा सुपात बुडवला.