विहिरीच्या दगडातली वलयं

वडनेरच्या मधुकररावांचं कीर्तन ज्यानं ऐकलं, तो प्रफुलची झांज विसरत नसे. बापाचा आवाज चढला की पोराची झांज अशी पडायची, की समईच्या ज्योतीनंही मान डोलवावी. तो प्रफुल शेतातल्या विहिरीत बुडाला. पांडुरंगाची सत्ता, दुसरं काय म्हणायचं!

तेव्हापासून त्याची आई, यशोदाबाई, रोज तिन्हीसांजेला विहिरीवर जाऊन बसत. म्हणत, "खाली झांज वाजून राह्यली." बसता बसता कठड्याच्या आणखी जवळ सरकत. मधुकररावांनी धसका घेऊन विहीर बुजवायचं काढलं, तशी यशोदाबाईंनी लेकीचा, ज्योत्स्नाचा, हात धरला.

ज्योत्स्ना इंदूरला सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, काम करायची. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दगडाची कणी दाबायची, लेसरनं तापवायची आणि क्ष-किरणांनी तिच्या आत पाहायचं. पृथ्वीच्या पोटात दगड कसा राहतो, ते असं कळतं.

"पाताळ पाह्याले इंदूरले काऊन जा लागते?" मधुकरराव चिडवत. "माह्या कीर्तनात फुकट दिसते!"

यशोदाबाई मात्र हसल्या नाहीत. "या विहिरीचा दगड ने माय. खाली पाह्य. तू म्हटलं कोणी नाई, तर बुजवा."

आईच्या समाधानासाठी ज्योत्स्नानं कणी नेली. दाब चढला, कणी पांढरी धगधगली, आणि पडद्यावर वलयं उमटली, एकात एक. अशी वलयं तिनं शेकड्यानं पाहिली होती. आज वाटलं, आत्ताच कोणीतरी पाण्यात पडलंय. दाब उतरवला, तरी ती जुन्या जागी परतली नाहीत. इतक्या खोल जाऊन आलेला दगड पुष्कळदा पहिल्यासारखा होत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं पडदा पुन्हा पुन्हा पाहिला.

ती वडनेरला आली तेव्हा आई काठावरच होती. एक पाय कठड्यावर.

"दिसला का वो?"

ज्योत्स्नानं तोंड उघडलं, आणि खालून झांज वाजली. संथ, बाबांच्याच ठेक्यात.

"कोणी नाई, आई."

"खरंच?"

"तुह्या गळ्याची आण. नुसता दगड आहे."

यशोदाबाईंनी पाय खाली घेतला आणि लेकीच्या गळ्यात पडून रडल्या. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं मुरूम ओतला. मधुकरराव शेजारी उभे राहून अभंग गायले. यशोदाबाईंना पुन्हा काही ऐकू आलं नाही. त्या आता जेवतात, झोपतात.

इंदूरला हिऱ्यांवर दाब चढवताना ज्योत्स्नाचं बोट टेबलावर ठेका धरतं. मग ती बाबांचं पालुपद हळूच गुणगुणते, वाजवणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून.