पाकापुढचा पडदा

मंदाताईंनी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला आणि नव्याने कामाला लागलेल्या हर्षिताला बघायला बोलावलं. तेवढ्यात मालक हेमेंद्रने चुलीपुढचा पडदा ओढून घेतला.

"हिचं काम पडद्याबाहेर. तीळ भाजेल, गजक कुटेल. पाक नाही."

"मग ती शिकणार काय?"

"अर्धवट शिकली तरच इथे टिकेल. लीलाला सगळं शिकवलंत. तिने आपला मणभर गूळ जाळला आणि हात बसल्यावर समोरच्या दुकानात गेली. तुम्ही काम आमचं करता की त्यांचं?"

मंदाताईंनी थेंब मोडून पाहिला. अजून कच्चा होता.

त्या दाल बाजारातल्या या गजकेच्या, म्हणजे कुटलेल्या तीळगुळाच्या वड्यांच्या, कारखान्यात आल्या तेव्हा हेमेंद्रचे वडील जगदेवराव नव्या बाईला स्वतः चुलीपाशी बसवत. तिचा पहिला जमलेला घाणा गल्लीभर वाटला जाई, समोरच्या दुकानातसुद्धा. शिकलेल्या काही जात, काही राहत. पण थंडीच्या गर्दीत चूल कधी अडली नाही. आता पाकाला एकट्या मंदाताई उरल्या होत्या, आणि त्यांचा उजवा खांदा वर जात नव्हता.

दुपारी रस्ता ओलांडून लीला आली. हातात झाकलेलं ताट.

"ताई, माझ्या हाताखाली एक शिकतेय. तिचा पहिला घाणा. आधी तुम्हाला."

"चिडवायला आलीस?" हेमेंद्र गल्ल्यावरून म्हणाला. "उचल ते. हमें नहीं चाहिए."

लीला ताट ठेवून निघून गेली. मंदाताईंनी वडीचा तुकडा मोडला. कट्कन आवाज झाला. तो त्यांनी सावकाश खाल्ला.

"आत्ताच्या आत्ता परत करून या," हेमेंद्र म्हणाला.

"करते."

कढई चुलीवरच होती. मंदाताईंनी गजक हर्षिताच्या ओंजळीत ओतली, ताट पुसलं आणि खुंटीवरची आपली गजक कुटायची लाकडी मोगरी त्यात आडवी ठेवली.

"ती कशाला?"

"रिकामं ताट परत करत नाहीत, हेमेंद्र. तुझ्या वडिलांना ठाऊक होतं."

त्या पायऱ्या उतरल्या. समोर लीलाने ताट दोन्ही हातांनी घेतलं. कुणीतरी चुलीजवळ पाट सरकवला. मंदाताई बसल्या.

इकडे गुळाचा वास दाट होऊ लागला.

"भैया," हर्षिता पडद्याबाहेरूनच म्हणाली, "पाक उतारूं क्या?"

हेमेंद्रने पडदा सारला. घाईने एक थेंब पाण्यात टाकला, बोटांत धरला आणि हर्षिताकडे पाहिलं. हर्षिता त्याच्याकडेच बघत होती.