सिलिंडर दोन महिने कसा पुरला

मी एक जुना प्रेशर कुकर आहे, डोंबिवलीच्या सरोजताईंचा. त्या नव्या सूनबाई असताना कल्याणच्या बाजारातून मला घेऊन आल्या. तोवर पातेल्यात रटरटणारी डाळ मी चार-पाच शिट्ट्यांत मऊ केली. "ह्याच्यामुळे गॅस वाचतो हो," असे त्या शेजारणींना सांगत आणि मी खुशीत फुगत असे. पुढे माझी रिंग सैल झाली, वाफ बाजूने फुसफुसू लागली, पण कोणी लक्ष देईना.

मित्रांनो, त्यांची लेक कादंबरी संशोधन करते. एका दूरच्या देशाचा कार्बनचा धूर तीस वर्षांत निम्म्यावर आला, तो कशामुळे, हा तिचा विषय. तिने सगळे श्रेय नव्या यंत्रांना दिले. तिच्या मार्गदर्शक सरांना ते पटले नाही, त्यांनी प्रबंधाचे ते प्रकरण परत पाठवले. पुन्हा चुकले तर वर्ष वाया जाणार होते. बिचारी ओट्याला टेकून रडवेली झाली होती.

"अगं, एवढं काय त्यात?" सरोजताई भाजी चिरत म्हणाल्या. "आपला सिलिंडर पूर्वी महिन्यात संपायचा, आता दोन महिने जातो. कशामुळे? कुकरमुळे!"

मला तर तिथेच शिट्टी मारावीशी वाटली.

"थोडं कुकरमुळे," कादंबरीने डोळे पुसले. "पण आई, दादा पुण्याला गेला, खाणारं एक माणूस कमी झालं. गच्चीवर सोलर आलं, अंघोळीचं पाणी गॅसवर तापत नाही. आणि पोळ्या?"

"त्या विमलाबाईंच्या पोळी-भाजी केंद्रातून येतात की."

"म्हणजे गॅस त्यांच्याकडे जळतो आणि खातो आपण!" ती एकदम ताठ उभी राहिली. "आई, त्या देशाचंही हेच झालंय. कारखाने दुसऱ्या देशांत गेले, माल मात्र तिथूनच येतो. तो धूर मी हिशेबात धरलाच नाही!"

तिने प्रत्येक कारणाचा वाटा वेगळा काढला. सरांनी प्रकरण मंजूर केले.

मला आधी जरा वाईट वाटले. इतकी वर्षे मिरवलो आणि वाटा निघाला थोडासाच. पण तो खरा होता, म्हणून मी आता समाधानी आहे. सरोजताईंनी मला नवी रिंगही आणली.

मित्रांनो, जुन्या कुकरची रिंग वेळेवर बदला, तेवढा गॅस खरोखरच वाचतो. आणि आपल्या बचतीचे कौतुक करताना एकदा विमलाबाईंच्या शेगडीकडेही बघा. तिथे जळते ते आपलेच असते.