जांभळी बॅग

आळेफाट्यावर ख्रिस्ती मंडळी सुरू झाली तेव्हा ती एका बंद पडलेल्या टायरच्या दुकानात भरायची. अठरा माणसं, एक ढोलकी आणि खाली दोन सतरंज्या. पुष्पा सात पोरांना घेऊन मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायची, गोष्टी सांगायची, गाणी शिकवायची. पाच वर्षांत मंडळी नाशिक रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात गेली. चारशे खुर्च्या, छातीत दणदणणारे स्पीकर, भिंतीवर मोठा पडदा. सात पोरांची नव्वद झाली. पुष्पाच्या हाताखाली चार बायका आल्या, आणि पास्टर भरत स्टेजवरून तिला ‘आमच्या बालक आणि कुटुंब सेवेच्या प्रमुख’ म्हणू लागले.

पुष्पाला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. आठवडाभर ती फाट्यावरच्या गाळ्यात ब्लाऊज शिवायची. तिथं तिला कोणी प्रमुख म्हणत नव्हतं. पण तिचा जीव खरा त्या पोरांत होता. कोणाला कोणतं गाणं आवडतं, कोण उपाशी आलंय, कोणाच्या डोक्यात उवा झाल्यात, सगळं तिला ठाऊक असायचं.

पोरं मोठ्यानं प्रार्थना करायला लाजतात, म्हणून तिनं एक युक्ती काढली. बुटांच्या खोक्याला सोनेरी कागद लावला, वर फट पाडली आणि सांगितलं, “येशूला जे सांगायचंय ते चिठ्ठीवर लिहा, नाहीतर चित्र काढा, आणि यात टाका. हे फक्त येशू वाचतो.”

पोरांनी लिहिलं. बापरे, काय काय लिहिलं. शेळी आजारी आहे. गणिताच्या बाई मारतात. बाबा टोमॅटोच्या गाडीवर गेले की दोन दिवस येत नाहीत. पुष्पा त्या चिठ्ठ्या वाचायची आणि एकेका पोरासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. येशू वाचतो म्हणताना आपण वाचतो हे तिनं सांगितलं नव्हतं, पण ते तिला फसवणुकीसारखं वाटलं नाही.

मग एकदा पास्टर म्हणाले, “पुष्पाताई, त्या चिठ्ठ्यांचे फोटो मला पाठवत जा. मीपण या लेकरांसाठी गुडघे टेकीन.”

पुष्पाला भरून आलं होतं. एवढा मोठा माणूस, आणि पोरांच्या चिठ्ठ्यांसाठी वेळ काढतो! दर शुक्रवारी ती फोटो पाठवू लागली. पास्टरांकडून हात जोडल्याचं चिन्ह यायचं.

त्यानंतरच मंडळी खरी फुगली. पास्टर उपदेश मध्येच थांबवायचे, डोळे मिटायचे, कपाळाला दोन बोटं लावायचे. “प्रभू मला दाखवतो आहे... एक घर आहे... दोन सख्खे भाऊ आहेत... मध्ये तारेचं कुंपण घातलंय.” आणि मागून कोंडाबाई हंबरडा फोडायची, “माझंच घर वो, माझीच पोरं!” लोकांच्या अंगावर काटा यायचा. पार मढ गावापासून जीप भरून माणसं यायला लागली.

कोंडाबाईच्या नातवानं त्या कुंपणाचं तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं होतं. पुष्पाला ते आठवलं. देव चिठ्ठीतूनसुद्धा बोलत असेल, असं ती स्वतःला म्हणाली. पुढे दोनदा असंच झालं आणि दोन्ही वेळा तिनं स्वतःला तेच सांगितलं.

जूनमध्ये कौटुंबिक रविवार ठरला. सगळ्यांनी नवराबायको, मुलाबाळांसह यायचं, शेवटी केक कापायचा. त्याच्या आधीच्या आठवड्यात संस्कृतीनं चिठ्ठी टाकली होती. संस्कृती नऊ वर्षांची, हडकुळी, कमी बोलणारी पोर. फाट्यापासून दोन किलोमीटरवरच्या वस्तीवर राहायची. तिनं लिहिलं होतं, ‘येशू, आईनी ब्याग भरून खुराड्यामागं ठेवली आहे. ती जाणार आहे. बाबा मारतात म्हणून. मला पण ने म्हणून तिला सांग.’ खाली कोंबड्यांचं खुराडं आणि त्यामागं एक बॅग काढली होती, जांभळी. त्या दिवशी वर्गातले सगळे स्केचपेन वाळून गेले होते. जांभळा तेवढा उठत होता. आकाश, झाडं, येशूचा झगा, सगळ्यांचं सगळं जांभळंच होतं.

पुष्पानं ती चिठ्ठी दोनदा वाचली. प्रांजलला, म्हणजे संस्कृतीच्या आईला, भेटायला हवं असं ठरवलं. पण तो आठवडा लग्नसराईचा, शिलाईचा ढीग पडलेला. शुक्रवारी तिनं सवयीनं सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो काढले आणि पाठवून दिले. या एका चिठ्ठीवर तिचा अंगठा क्षणभर थांबला होता. मग तिला वाटलं, पास्टर आहेत, घरी जाऊन तिच्या नवऱ्याला, भगवंतला, समजावतील.

रविवारी पास्टरांनी डोळे मिटले.

“एक बहीण आहे इथं. आपलं घर मोडायला निघाली आहे. प्रभू मला दाखवतो आहे... एक बॅग... जांभळी बॅग... खुराड्याच्या मागं लपवलेली.”

चारशे माणसं श्वास रोखून बसली. पुष्पा बाजूच्या दारात पोरांची रांग धरून उभी होती. तिला प्रांजलचा चेहरा दिसला. रक्त उतरत जावं तसा तो पांढरा पडत गेला. शेजारी बसलेल्या भगवंतनं मान वळवून बायकोकडं बघितलं. “खुराडं तर आपल्याकडंच हाय,” असं तो म्हणाला, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पुढचं फार भराभर झालं. पास्टर खाली उतरले, दोघांना हाताला धरून स्टेजवर घेऊन गेले. तिचा हात त्याच्या हातात दिला. भगवंत रडला. खरोखर ढसाढसा रडला, नाक पुसत म्हणाला, “मी चुकलो, देवा, माझं घर वाचवलंस.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पडद्यावर त्या दोन हातांचं मोठं चित्र आलं. त्याच्या बोटांनी तिची बोटं कशी आवळली होती, ते पडद्यावर माणसाएवढं मोठं दिसत होतं, आणि कोणालाच दिसत नव्हतं.

पुष्पानं खाली बघितलं. रांगेतली संस्कृती तिच्याकडं बघत होती.

उपासना सुटल्यावर पुष्पा ऑफिसात गेली. पास्टर केक खात बसले होते. मिशीला हिरवं क्रीम लागलं होतं, आणि ते एका हातानं मोबाईलवर तोच व्हिडिओ परत बघत होते.

“पास्टर, ती चिठ्ठी व्हती.”

“कोणती?”

“संस्कृतीची. तुम्हाला देवानं काय दाखवलं न्हाई. मी दाखवलं. शुक्रवारी.”

पास्टर चिडले नाहीत. ते बघून तिला जास्त किळस आली. त्यांनी जिभेनं मिशीवरचं क्रीम चाटलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “आणि ती चिठ्ठी माझ्यापर्यंत कोणी आणली, ताई? प्रभूनंच ना? बायबलात तो गाढवाच्या तोंडूनसुद्धा बोलला. आज एक कुटुंब जुळलं. तुमच्याच सेवेचं फळ आहे. बसा, केक घ्या.”

त्यांनी खरंच एक तुकडा कागदी ताटलीत काढून तिच्यापुढं सरकवला. तिनं त्याकडं बघितलं, आणि ती तोंडावर हात दाबून बाहेर धावली. कार्यालयाच्या मागच्या मोरीत ती ओकली. ओकताना तिला कळत होतं की ही किळस एकट्या पास्टरची नाही. फोटो काढणारा अंगठा तिचा होता.

सोमवारी सकाळी ती वस्तीवर गेली. भगवंत मालाची गाडी घेऊन बाजारात गेला होता. दारात त्याची आई साळुबाई लसूण सोलत बसली होती. पुष्पाला बघून ती म्हणाली, “या बाई. तुमच्या देवानं लई उपकार केलं आमच्यावर.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ते तिला मनापासूनच वाटत होतं.

प्रांजल आतल्या खोलीत भिंतीला टेकून होती. ओठ फाटलेला. उजव्या हाताची दोन बोटं सुजून वांग्यासारखी झालेली. ज्या हाताचं चित्र पडद्यावर आलं होतं, तोच हात. कोपऱ्यात बॅग पडली होती, चेन उसवलेली, आतल्या दोन साड्या बाहेर लोंबत होत्या. दहावीचं मार्कशीट चार तुकडे करून त्यावर टाकलेलं.

बॅग काळी होती.

पुष्पा त्या काळ्या बॅगेकडं बघतच राहिली. देवानं दाखवली असती तर काळी दाखवली असती.

“कुनी सांगितलं वो ताई?” प्रांजलनं विचारलं. ओठामुळं तिला नीट बोलता येत नव्हतं. “मी तर कुनालाच बोलले नव्हते. आईलाबी न्हाई.”

तेवढ्यात दाराआडून संस्कृती पुढं आली. तिनं आईकडं बघितलं नाही, पुष्पाकडं बघितलं. “बाई, मी फक्त येशूला लिवलं व्हतं.”

पुष्पाला सांगता आलं असतं की मी प्रार्थनेसाठी दिलं, मला काय माहीत. सगळी वाक्यं तयार होती. ती तिच्या तोंडात आली आणि तिला त्यांची चव कालच्या त्या मोरीसारखी लागली.

“मी वाचत व्हते,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या चिठ्ठ्या मीच वाचायचे. आणि मीच ती पास्टरांना दिली. तुझी चूक न्हाई, पोरी. माझी हाय.”

प्रांजलनं डोळे मिटले. बाहेर लसणाची टरफलं फुंकल्याचा आवाज येत होता. मग प्रांजल म्हणाली, “आता माफी मागत बसू नका. तो बारापतोर येतोय. मला तळेघरला पोचवा.”

तळेघरजवळच्या वाडीत तिचं माहेर. पुष्पानं साड्या बॅगेत कोंबल्या, मार्कशीटचे तुकडे वेचून ब्लाऊजमध्ये खोवले. साळुबाई दारात आडवी झाली, “कुठं चाललीस? लोक काय म्हणतील? कालच तर समद्यांम्होरं हात धरला पोरानं!” पुष्पानं तिला बाजूला सारलं. धक्का नाही मारला, पण हळुवारपणेही नाही.

फाट्यावरून एसटी धरून तिघी मंचरला उतरल्या आणि आधी दवाखाना गाठला. डॉक्टरीण बाईंनी बोटांना पट्टी बांधता बांधता विचारलं, “कशानं झालं?” प्रांजलनं एकदा पुष्पाकडं बघितलं आणि म्हणाली, “नवऱ्यानं पिरगाळली. लिवा.” डॉक्टरीण बाईंनी लिहिलं. पुढं भीमाशंकरची एसटी मिळाली. तळेघरच्या पुढं तासभर पायवाट होती. संस्कृती सगळा वेळ आईच्या डाव्या हाताला धरून चालली. पुष्पा बॅग घेऊन मागून.

प्रांजलचा बाप जानकू नाचणीच्या रोपांसाठी तुकडा खणत होता. त्यानं लेकीची बोटं बघितली, फावडं खाली ठेवलं. “खोली हाय,” एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी पुष्पा वर्गात गेली आणि पोरांना, आणि दारात थांबलेल्या आयाबापांना, सगळं सांगितलं. चिठ्ठ्या कोण वाचायचं, कोणाला जायच्या, स्टेजवरून काय बोललं जायचं. कोंडाबाई म्हणाली, “आसं न्हाई व्हायचं. माझ्या अंगावर काटा आला व्हता ना!” तिला तो काटा सोडवत नव्हता. एका बापानं मात्र आपल्या पोराला उचललं आणि तो निघून गेला.

त्याच दिवशी पास्टरांनी सांगितलं की पुष्पाताईंमध्ये कडवटपणाचा आत्मा शिरला आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. चारशे माणसांनी हात वर करून तिच्यासाठी प्रार्थना केली. ती तिथंच मागच्या खुर्चीत बसली होती. शेजारच्या बाईचा घामेजला तळहात तिच्या डोक्यावर दाबलेला. ती उठून बाहेर आली, आणि परत गेली नाही.

अकरा पोरं वर्ग सोडून गेली, बाकीची राहिली. पुण्याहून एक नवीन मुलगी आली, तिनं वर्ग रंगवून घेतला, बाहुल्यांचे खेळ सुरू केले. मंडळी अजून वाढली. भगवंत आता पहिल्या रांगेत बसतो. बायको सैतानाच्या नादानं पळून गेली तरी मी विश्वास सोडला नाही, अशी साक्ष देतो. फाट्यावर भाजी घेताना बायका पुष्पाला ते सांगतात, आणि ती कोथिंबिरीची जुडी हातात धरून ऐकते, पैसे देते आणि निघते. घरी ती अजून प्रार्थना करते. पण तोंडातून ‘प्रभू दाखव’ असे शब्द आले की थांबते, उठते, पाणी पिते.

ऑगस्टमध्ये ती तळेघरला गेली. प्रांजलची बोटं जुळली होती, एक जरा वाकडं राहिलं होतं. भाताची लावणी नुकतीच उरकली होती. तिनं पोलिसांत तक्रार दिली होती, आणि मार्कशीटची दुसरी प्रत मिळते का याची चौकशी करत होती. तिनं पुष्पाला जेवायला वाढलं. माफ केलं म्हणाली नाही, तसं पुष्पानं विचारलंही नाही.

निघताना जानकूनं संस्कृतीला सांगितलं, “बाईंना रस्त्यापर्यंत सोडून ये.”

दोघी धुक्यातून चालत गेल्या. पोर पावसासाठी पानांचं इरलं पांघरून पुढं, पुष्पा मागं. रस्त्यावर आल्यावर एसटीचा पत्ता नव्हता. पुष्पा म्हणाली, “तू जा घरी, भिजशील.” संस्कृती गेली नाही. दगडावर पुष्पापासून हातभर अंतर सोडून बसली. पुष्पाला वाटलं काहीतरी बोलावं, शाळेचं, कोंबड्यांचं. पण या पोरीकडून आता एक शब्दही काढून घ्यायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं.

अर्ध्या तासानं धुक्यात दिवे दिसले.

“आली,” संस्कृती म्हणाली, आणि हात दाखवून गाडी थांबवली.