घरपट्टीची पावती

किन्हवलीच्या वाचनालयात उन्हाळी वाचन उपक्रमाची सभा चालू होती. सरस्वतीबाईंच्या चहावर साय धरली, तरी त्यांनी कपाला हात लावला नव्हता. राग आला की त्यांना अन्नपाणी गोड लागत नसे.

अध्यक्ष महिपत कागद वाचत होता. पंधरा एप्रिल ते पंधरा मे. पुस्तकं वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला दप्तर. तो पाहुण्यांच्या सत्काराकडे वळला, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "आणि वाडीवरची पोरं?"

"कोणती वाडी, बाई?"

"चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होतास. तुझ्या शेजारी बसायचा तो जाणू कोणत्या वाडीचा?"

"कातकरी वाडी होय. ती सगळी मुरबाडकडं वीटभट्टीवर. जूनशिवाय नाय यायची."

"मग उपक्रम जूनमध्ये ठेव. शाळा पंधराला उघडते."

"जूनात पाहुणे नाय मिळायचे. आणि येऊन तरी काय? ती सभासद कुठं हायेत?"

ह्याच प्रश्नाने बाईंचं डोकं वर्षभर तापलं होतं. गेल्या जूनमध्ये जाणूची नात अपेक्षा वाचनालयाच्या दारात आली होती. ग्रंथपाल हेमंतने तिला घरपट्टीची पावती आणायला सांगितलं. पोर पळत जाऊन रेशनकार्ड घेऊन आली. ते चालत नाही म्हटल्यावर आजोबांना घेऊन आली. आजोबाही चालले नाहीत. हेमंतने ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली होती.

"हेमंत, कुठल्या शहाण्याने केला हा नियम? वाच."

"बाई, राहू द्या ना."

"वाच म्हणते."

हेमंतने सभांची जुनी वही काढली, पान शोधलं आणि न वाचताच ती बाईंपुढे सरकवली. पानावर त्यांचं स्वतःचं अक्षर होतं. सूचक म्हणून नावही त्यांचंच.

महिपत गालात हसला. "घ्या. तुमचाच नियम निघाला."

बाईंना सगळं आठवलं. बदली झालेला एक साहेब चांगली जाड पुस्तकं घेऊन गेला होता. भाड्याने राहणाऱ्यांचा भरवसा नाही, ज्याचं घर गावात त्यालाच पुस्तक, असं त्या तावातावाने बोलल्या होत्या. वाडीतली खोपटी दुसऱ्याच्या जमिनीवर, त्यांना घरपट्टीच लागत नाही, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं. आणि रोज सकाळी त्याच वाडीतली पोरं त्या मोजून वर्गात घेत होत्या. आता त्यांना महिपतचा राग आलाच, पण स्वतःचा त्याहून जास्त आला.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या. "मूर्खपणा केला मी. आज काढून टाका."

"असं नाय होत. सर्वसाधारण सभा लागंल. ऑगस्टात."

"ऑगस्टपर्यंत मी थांबणार नाही, आणि ती पोरही थांबणार नाही. खास सभा बोलाव. नोटीस आजच लाव. लिही रे हेमंत, सूचक मीच." त्यांनी पिशवीतून आपलं सभासद कार्ड काढून टेबलावर आपटलं. "तोवर माझ्या कार्डावरची दोन पुस्तकं भट्टीवर जाणार. उद्याच. तुम्ही सगळे सभासद आहात ना? काढा कार्डं."

"भट्टीवर बाई? मातीत मळून येतील पुस्तकं."

"तुझ्या पुस्तकांना चिखल असायचा, महिपत. भाताच्या आवणीतून उठून यायचास. मी कधी दारात उभं केलं तुला?"

हेमंतनेच आधी आपलं कार्ड ठेवलं. मग खुर्च्या सरकल्या, खिसे चाचपले गेले. एका कार्डावर दोन, अशी टेबलावर दहा पुस्तकं झाली. महिपत सगळ्यात शेवटी उठला आणि कपाटातून दोन जाडजूड ग्रंथ आणून ठेवले.

बाईंनी वरचा उघडला. पानं एकमेकांना चिकटली होती.

"हा कोणी वाचलाय? तू वाचलायस?"

"नाय."

"मग परत ठेव. पाचवीतल्या पोरीला आवडेल असं शोध. आणि उभ्या उभ्या नको, खाली बसून दोन पानं वाच आधी."

महिपतने घड्याळ पाहिलं. मग पाहुण्यांच्या यादीचा कागद घडी करून खिशात घातला आणि बालविभागाच्या खालच्या फळीपुढे मांडी घालून बसला.