हनीफ मास्तरांच्या कमरेचे माप

मित्रांनो, मी शिंप्याच्या गळ्यातली एक जुनी टेप आहे. माझी लांबी साठ इंच. दोन्ही टोकांना पितळी पत्रा बसवलेला आहे आणि त्यातला एक आता सैल झाला आहे. शाळेचे कपडे शिवताना माझ्यासारखीच एखादी टेप तुमच्या छातीभोवती फिरली असेल आणि तुम्हाला गुदगुल्या झाल्या असतील. माझ्या वाट्याला मात्र गुदगुल्यांपेक्षा भीतीच जास्त आली. ती कशी, ते सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. लांब कापडी पट्टीवर पिवळ्या रंगाचे थर चढले, ते वाळले आणि मग त्यावर काळे आकडे उमटले, एवढेच आठवते. एकोणीसशे एक्कावन्न साली पुण्याच्या बोहरी आळीतून हनीफ मास्तरांनी बटणांच्या डब्यांबरोबर मला विकत घेतले आणि चिंचवडला आणले. स्टेशनकडून गावठाणात जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे दुकान होते. दुकान म्हणजे एक पायमशीन, एक कापायचे टेबल आणि भिंतीवर आरसा. मागच्या खोलीत मास्तर, त्यांची बायको खैरुन्निसा आणि मुलगी हसीना राहत.

ती वर्षे चांगली गेली. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते. सातारा, सांगली, रत्नागिरीकडची पोरसवदा माणसे कामाला लागत आणि खाकी कपडे शिवायला मास्तरांकडे येत. कुणाची कमर सव्वीस, कुणाची सत्तावीस. आपला आकडा ऐकून ती लाजत, हसत. मास्तरांच्या पँटला चिंचवडात नाव होते. मी दिवसभर त्यांच्या गळ्यात असे. ते मशिदीत, बाजारात, पाहुण्यांकडे कुठेही निघाले, तरी मला काढून ठेवायचे विसरत. म्हणूनच मी सगळे पाहिले आणि सगळे ऐकले.

मास्तर दरवर्षी ईदच्या आधी स्वतःसाठी एक पायजमा शिवत. पहिल्या वर्षी त्यांच्या कमरेवर माझा अडतीसचा आकडा आला. दोन वर्षांनी एक्केचाळीस आला. पंचावन्न साली चव्वेचाळीस आला. मास्तर आरशाकडे पाहून म्हणाले, "बसून काम आहे, आणखी काय होणार." दिवसातून आठ कप गोड चहा, गिऱ्हाइकांनी आणलेले पेढे, टेबलाखालच्या बरणीतली नानकटाई, असे त्यांचे चालले होते.

त्या उन्हाळ्यात त्यांना तहान लागू लागली. माठच्या माठ रिकामा होई. एका सकाळी खैरुन्निसा मागच्या अंगणातून आली ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"हसीनाचे अब्बा, मोरीत मुंग्या लागल्यात," ती म्हणाली.

मास्तरांचे मशीनवरचे पाय थांबले. मला कळेना, मुंग्यांना एवढे काय घाबरायचे? मग दोघांच्या बोलण्यातून कळले. मास्तरांचे थोरले भाऊ जहीर यांच्याकडेही आधी अशाच मुंग्या लागल्या होत्या. लघवीतून साखर जाण्याचा आजार होता तो. जहीरभाईंनी तो चार वर्षे लपवला. मग पायात बाभळीचा काटा गेला, पाय काळा पडला, पुण्याच्या दवाखान्यात तो गुडघ्यापासून काढला. तरी ते सहा महिन्यांतच गेले.

मास्तर डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी गळ्यातच होते. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळे औषध घेतले, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळे पाणी हिरवे झाले, मग पिवळे झाले, मग विटेसारखे लाल झाले. मास्तरांच्या मानेवरचा घाम माझ्यात झिरपला.

"साखर पूर्ण बंद," डॉक्टर म्हणाले. "भात, मिठाई, तळलेलं कमी करा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी खा. रोज चाला. वजन उतरलं पाहिजे. तुमच्या गळ्यात टेप आहेच, तिलाच विचारत जा."

त्या दिवसापासून मास्तर मला भिऊ लागले आणि मी त्यांना. ते दिवसातून तीन-तीनदा दुकानाचे दार लोटून घेत आणि मला कमरेभोवती गुंडाळत. त्यांनी खाणे एकदम तोडले. दुपारी अर्धी भाकरी, रात्री नुसती उकडलेली भाजी. डोके दुखे, हात थरथरत, सुईत दोरा जात नसे. तरी चव्वेचाळीसचे बेचाळीस झाले, तीन महिन्यांनी चाळीस झाले. गिऱ्हाइके कौतुक करत. पण आकडा उतरला तरी त्यांना आनंद होत नसे, फक्त थोडा वेळ श्वास मोकळा होई. दुसऱ्या सकाळी पुन्हा बोटे घामेजलेली.

मग आकडा चाळीसवर अडला. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. मास्तर मला इतके आवळत, की माझे धागे ताणले जात. मला वाटे, आपण आणखी ताणून अर्धा इंच तरी कमी दाखवावे. पण टेपला मनात आणून तसे करता येत नाही.

त्यातच खडकीला पुतण्याच्या लग्नाची दावत आली. मास्तर बिर्याणी जेवले, जर्दा, म्हणजे केशरी गोड भात, दोनदा घेतला. घरी आल्यावर त्यांनी मला गळ्यातून काढले, कमरेजवळ नेले आणि तसेच खिळ्याला अडकवून टाकले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता मोडलेच आहे तर आज चहात साखर चालेल. तिसऱ्या दिवशी बरणीत पुन्हा नानकटाई आली. गिऱ्हाइकांची मापे ते माझ्याकडूनच घेत, पण स्वतःच्या अंगाला त्यांनी मला पुन्हा लावले नाही. ईदचा पायजमा त्यांनी मापाशिवाय, चांगली चार बोटे कापड जास्त सोडून कापला. डॉक्टरांच्या दवाखान्यावरून जायला नको म्हणून ते पलीकडच्या गल्लीने फिरून जात. मला वाटे, कुणीतरी त्यांना विचारावे. पण कोण विचारणार? खैरुन्निसा बोलत नव्हती. तिचा चेहरा मात्र रोज सकाळी अंगणातून परत येताना पांढरा पडलेला असे.

छप्पनच्या दिवाळीआधीची गोष्ट. कारखान्यांचे कपडे वेळेत द्यायचे म्हणून मास्तर पायताण काढून सकाळपासून दुकानात ऊठबस करत होते. दुपारी खैरुन्निसा जेवायला बोलवायला आली आणि उंबऱ्यातच थबकली. टेबलापासून मशीनपर्यंत आणि मशीनपासून आरशापर्यंत फरशीवर लाल ठसे उमटले होते.

"हे रक्त कुणाचं?" तिने विचारले.

मास्तरांनी आधी आपले हात पाहिले. मग एका खाकी कपड्यावर डाग पडला का ते पाहिले.

"तुमच्या पायाचं आहे," ती म्हणाली.

त्यांनी स्टुलावर बसून उजवा तळवा वर केला. टाचेजवळ मशीनची मोडकी सुई रुतली होती, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. मोडलेली सुई सकाळीच बदलली होती. म्हणजे ती पायात घेऊन मास्तर चार तास वावरले होते.

"दुखत नाही का?" खैरुन्निसाने विचारले.

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी सुईला बोट लावले, थोडे हलवले. "काहीच कळत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. मित्रांनो, वेदना न होण्याची एवढी भीती वाटू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

डॉक्टरांनी सुई काढली, पेनिसिलिनची इंजेक्शने दिली. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "रोज पाय पाहायचा. रंग बदलला तर लगेच यायचं." पुढचे तीन आठवडे घरात कुणी मोठ्याने बोलले नाही. रोज सकाळी खैरुन्निसा मास्तरांचा पाय मांडीवर घेऊन उजेडात पाही. जखमेच्या कडेला एकदा जांभळी रेघ दिसली तेव्हा तिने हसीनाला शेजारी पाठवले आणि मगच ती रडली. मी खिळ्यावरून सगळे पाहत होते. जहीरभाईंचा काळा पाय मी कधी पाहिला नव्हता, पण त्या दिवसांत तोच मला सारखा दिसे.

त्या जांभळ्या रेघेच्या दिवशीच मास्तर पहिल्यांदा बोलले. "खैरू, मला भीती वाटते. भीती वाटली की मी खातो. खाल्लं की आणखी भीती वाटते. टेप हातात घेतली की भाईचा पाय डोळ्यांसमोर येतो."

"आणि मला वाटत नाही?" ती म्हणाली. "तुम्ही टेप खिळ्याला लावून सुटता. मी रोज सकाळी मुंग्या बघते. बोलायची सोय नाही, बोलले तर तुम्ही जेवत नाही."

 मग तिने मला खिळ्यावरून काढले. "उभे राहा," ती म्हणाली.

"आज नको."

"आजच. डोळे मिटा हवं तर."

मास्तरांनी खरेच डोळे मिटले. मी त्यांच्या कमरेभोवती फिरले तेव्हा त्यांचे पोट भीतीने आत ओढले गेले होते. खैरुन्निसा थांबली. त्यांचा श्वास सुटू दिला आणि मग आकडा वाचला. भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात ती म्हणाली, "पंचेचाळीस." मास्तर बोलणी खायच्या तयारीत उभे होते.  मला गुंडाळून तिने आपल्या पेटीत ठेवले. "दुकानात लागेल तेव्हा मी काढून देईन. तुमच्या कमरेला ही महिन्यातून एकदाच लागेल. मी मापीन. तुम्ही स्वतःला लावायची नाही," एवढेच तिने सांगितले.

जखम भरली. डॉक्टरांनी जाड तळाचे बूट घालून चालायला परवानगी दिली. पवना नदीच्या काठी चिमाजी नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाचा भाजीचा मळा होता. खैरुन्निसाने त्याला दुकानात बोलावून सगळे सांगितले. मास्तरांना लाज वाटली. चिमाजी पागोट्यावरून हात फिरवत म्हणाला, "मास्तर, मेथी, चाकवत, दुधी, समदं हाय. पर घरपोच न्हाई मिळायचं. रोज सकाळी मळ्यावर या आन् आपल्या हातानं तोडून न्या."

"आणि एखाद दिवशी नाही जमलं तर, चिमाजीराव? मागच्या वेळी एका जेवणानं सगळं मोडलं."

"त्या दिशी मी हाक मारीन दुकानावरनं जाताना. दुसऱ्या दिशी या. औंदा माझी कोबी किडली, म्हून म्या काय मळ्यात जायाचं सोडलं व्हय?"

मास्तर जाऊ लागले. जाऊन-येऊन तीन मैल. पहिल्या आठवड्यात दोनदा त्यांनी पाय दुखतो म्हणून अंथरूण सोडले नाही. एरवी न दुखणारा पाय नेमका चालायच्या वेळी दुखे. दोन्ही वेळा चिमाजीची हाक आली. घरातल्या तिघांसाठी एकच स्वयंपाक होऊ लागला. मास्तरांच्या ताटात तेव्हा भाकरी पुरेशी असे, पोट भरे, हात थरथरत नसत. ईदला खैरुन्निसाने शीरखुर्मा केला आणि मास्तरांना छोट्या वाटीत दिला. मी पेटीतून ऐकत होते. आता पुन्हा बरणी भरणार, असे मला वाटले. दुसऱ्या सकाळी बुटांचा आवाज आला आणि दार उघडून मास्तर मळ्याकडे गेले.

मास्तरांच्या मापासाठी पेटीतून बाहेर येण्याच्या प्रत्येक दिवशी मला धास्ती असे. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. पुढच्या महिन्यात पुन्हा चव्वेचाळीस, आणि मास्तर दुपारभर मशीनवर बसलेच नाहीत. त्यानंतर बेचाळीस. अठ्ठावन्नच्या सुरुवातीला एकोणचाळीस आला. डॉक्टरांच्या नळीतले पाणी हिरव्यावर थांबू लागले.

त्याच सुमारास कारखान्यातली जुनी गिऱ्हाइके म्हणू लागली, "मास्तर, हल्ली पँट सैल येते." त्यांची मापे वहीत जुनीच होती, कापड मात्र माझ्यावर मोजून कापले जाई. मास्तरांनी नवी टेप आणली आणि आम्हा दोघींना टेबलावर शेजारी ठेवले. मी लांब निघाले. इतक्या वर्षांच्या ओढाताणीने माझे कापड ताणले होते, म्हणून मी आकडा कमी दाखवत होते. खैरुन्निसाने नवी टेप मास्तरांच्या कमरेला लावली. एकोणचाळीस नव्हे, चाळीस भरले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हाच तो आकडा, जिथे मागच्या वेळी सगळे अडले होते.

मास्तरांनी आम्हा दोघींना गुंडाळून बाजूला ठेवले. मग बूट चढवू लागले.

"कुठे?" खैरुन्निसाने विचारले.

"सकाळी भाजी कमी आणली," ते म्हणाले आणि भर दुपारी मळ्याच्या वाटेला लागले.

आता मी मापे घेत नाही. जुन्या कपड्यांचे गाठोडे माझ्या पट्टीने बांधलेले असते. मास्तरांच्या पायाला अजूनही नीट संवेदना नाही. ती परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. भीतीही घरातून गेलेली नाही. खैरुन्निसा रोज पाय पाहते तेव्हा मी अजून श्वास रोखते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आपले अंग आणि आपले दुखणे लपवत असेल, तर त्याला टेप दाखवून घाबरवू नका. ते माणूस आधीच पुष्कळ घाबरलेले असते. त्याने सोडून दिले असेल, तर दारातून हाक मारा. आकडा मागाहून विचारता येईल. आधी बूट घाला आणि त्याच्याबरोबर चालायला निघा.