हवेतली हजेरी

मुक्ता आठवते ती सकाळच्या कोवळ्या उन्हात, गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर, डोक्याला मोठे पडणारे हेडफोन कानांवर चढवून डोळे मिटून बसलेली. चैत्रात कडुनिंब फुलला की त्याचा किंचित कडवट, मंद सुगंध गच्चीभर रेंगाळायचा, दोन बांबूंमध्ये ताणलेली रेडिओची तांब्याची तार उन्हात लकाकायची आणि त्या तारेतून उतरणाऱ्या अखंड खरखरीत माझी तेरा वर्षांची लेक कुणाचा तरी दूरचा स्वर शोधत असायची. शेजारच्या मामींनी एकदा "लई झकास दोरी हाय की," म्हणत त्या तारेवर ओली गोधडी वाळत घातली होती. त्या दिवशी मुक्ताच्या कानात सारं जग मुकं झालं होतं.

मी जन्माची बडबडी. माहेरी, बिडकीनला, मला 'चालता रेडिओ' म्हणायचे. आणि माझ्या पोटी हे असं लेकरू! शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचे आणि उंबऱ्याशी संकोचलेल्या पाहुण्यासारखे तिथंच थबकायचे. शाळेत हजेरी घेताना तिच्या वाट्याला जो एक क्षण यायचा, तो तिला कधी पुरला नाही. 'हजर'मधला 'ह' फुटेस्तोवर बाई पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या. वर्गात समोर उभ्या असलेल्या मुलीच्या नावापुढं कितीतरी वेळा 'गैरहजर' लिहिलेलं मी पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. तिला घरीच शिकवायचं ठरवलं. सासर-माहेर दोन्हीकडचे म्हणाले, बाई वेडी झाली. झाले असेन.

पण घरी तरी मी काय केलं? तिनं तोंड उघडलं की वाक्य मी पुरं करायची. दुकानात, पाहुण्यांत, फोनवर, सगळीकडं तिच्या वतीनं मीच. मायेपोटीच करायची हो, पण आपल्याच हातानं मी तिच्या तोंडावर पदर धरत होते, हे मला फार उशिरा उमगलं.

खुलताबादला गेलो असताना एका माळवदावर तिला तशी ताणलेली तार पहिल्यांदाच दिसली आणि तिनं माझा हात ओढला. ते घर खलीलचाचांचं. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी ते तार ऑफिसात लागले, उभी हयात तारयंत्राच्या कळीवर कट्ट-कडकट्ट करण्यात गेली आणि निवृत्तीनंतर हौशी रेडिओचा परवाना काढून ते घरबसल्या गावोगावच्या माणसांशी बोलू लागले. शुभ्र दाढी, थरथरती बोटं, आणि कळीवर टेकताच त्या बोटांत येणारी विलक्षण स्थिरता! त्यांनी मुक्ताला दोन नियम सांगितले. बोलण्याआधी ऐकायचं आणि समोरचा बोलत असताना मधे पडायचं नाही. दुसरा नियम सांगताना ते माझ्याकडं का बघत होते, कोण जाणे.

मग आमच्या स्वयंपाकघराचीच शाळा झाली. मी मराठीची बी.ए., विजेचा नि माझा संबंध बटणापुरता. तरी तिच्यासोबत चुंबक शिकले, लहरी शिकले, पोळ्या लाटता लाटता तारेच्या भाषेतलं 'डा-डि-डा-डि' घोकलं. परीक्षा मात्र तिनं एकटीनं दिली. मी बसलेच नाही. म्हटलं, मला कशाला हवाय बोलायचा परवाना, एवढं बोलतेच की!

परवाना आला आणि रविवारही आला. दर रविवारी सकाळी आठला चाचा रेडिओवरून, हवेतच, साऱ्या परवानेवाल्यांची हजेरी घ्यायचे. गावोगावचे लोक आपापल्या गच्चीवरून 'ओ' द्यायचे. इथंही हिच्या नावापुढं तेच 'गैरहजर' लिहिलं गेलं, तर ही पोर पुन्हा कुणाशी म्हणून बोलायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिचं नाव आलं. तिनं माइकची कळ दाबली. हनुवटी थरथरली, मानेची शीर ताठरली, शब्द काही फुटेना. माझा हात सवयीनं माइककडं गेला आणि अर्ध्यावर थांबला. परवाना तिचा होता, माझा नव्हता. माझ्या तोंडचं एक अक्षरही त्या तारेवरून जाता कामा नये. जन्मात पहिल्यांदा सरकारनं माझं तोंड बंद केलं होतं! मी पदराचा बोळा दातांत धरला. तिनं कळ सोडली, आणि खरखरीतून चाचांचा स्वर आला, "आराम से, बेटा. मैं बैठ्या हूँ इधर."

मग कुणीच बोललं नाही. तो स्तब्ध अवकाश मी कसा वर्णू? कुठल्या कुठल्या गावची, एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं एका मुलीच्या एका शब्दासाठी श्वास रोखून थांबली होती. कुणी खाकरलं नाही, कुणी पुढचं नाव घेतलं नाही. आईला जे जमलं नव्हतं, ते या परक्यांना किती सहज येत होतं! माझे डोळे भरून आले. मुक्तानं पुन्हा कळ दाबली. "ह... ह... हजर, चाचा."

आता मुक्ता दूरच्या शहरात असते. तिथूनच रविवारची हजेरी तीच घेते. शब्द अजूनही अडतात, पण तिला त्याची घाई नाही. मी गच्चीवर जुन्या संचापाशी बसून ऐकते, अजून परवान्याविना, गप्प. एकेक नाव पुकारून ती थांबते आणि सगळ्यांत शेवटी खलीलचाचांचं नाव घेते. चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. खरखर चालू राहते, तारेवरची चिमणी उडून जाते, आणि चाचा तिच्यासाठी जेवढं थांबले होते तेवढंच ती थांबते. 'गैरहजर' हा शब्द ती कधी उच्चारत नाही. माणूस निघून जातो, पण त्यानं आपल्यासाठी राखलेला वेळ मागं उरतो, आणि तेवढ्या वेळापुरता तो हजर असतो.